पुरव्यातला चहा आणि रॉकेलचा वास

आज मी स्टुडिओत नाही. काशीला दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर बसलोय. सकाळचे साडेसहा वाजलेत. मागे नावाडी गिऱ्हाईकांना हाका मारतायत, त्यांचा आवाज मधेमधे येईल, तो सांभाळून घ्या. या घाटाच्या बांधकामाला पेशव्यांचा हात लागला होता असं इथले लोक आवर्जून सांगतात. शेजारीच अहिल्याबाई घाट आहे आणि मागच्या गल्ल्यांतून वर गेलं की अहिल्याबाईंनी १७८० साली पुन्हा उभं केलेलं विश्वनाथाचं देऊळ. म्हणजे मराठी माणसाला इथे अगदीच परकं वाटायचं कारण नाही.

माझ्या हातात हा चहा आहे. मातीच्या भांड्यात. आपण कुल्हड म्हणतो, बनारसी माणूस याला पुरवा म्हणतो. आजचा विषय या पुरव्यातून निघाला. विषय असा : दोन गोष्टींच्या चवीत, वासात, स्पर्शात फरक आहे असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा तो फरक खरोखर त्याला कळतोय की नुसतं वाटतंय, हे ठरवायचं कसं? विषय हलका वाटेल. पण याच प्रश्नावर मी एकदा फार मोठी चूक केली आहे. ती आज कबूल करायची आहे. म्हणून हे भाषण घाटावर.

आधी पुरव्याचं सांगतो. आम्ही चौदा जण यात्रेला आलोय. त्यात माझे मेहुणे आहेत. पहिल्याच सकाळी त्यांनी जाहीर केलं, "चहा प्यावा तर पुरव्यातच. काचेच्या ग्लासातल्या चहाला ती चवच नाही. डोळे बांधून द्या, ओळखून दाखवतो." लगेच दोन तट पडले. निम्मे म्हणाले, खरंय, मातीचा वास उतरतो. निम्मे म्हणाले, सगळे मनाचे खेळ. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फौजेत असलेल्या माणसाला निवाडा करता येतो असा लोकांचा समज असतो.

मित्रहो, असा निवाडा मी एकदा केला होता.

१९९० च्या दशकातली गोष्ट. मी नुकताच मेजर झालो होतो, पायदळात, एका उंच पोस्टवर कंपनी घेऊन होतो. पोस्टचं नाव, पलटणीचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, पलटणीची नव्हे. तिथे पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. तो वितळवायचा रॉकेलच्या स्टोव्हवर आणि भरून ठेवायचा जेरीकॅनमध्ये. रॉकेलही जेरीकॅनमधूनच यायचं. पाण्याच्या कॅनवर एक खूण, तेलाच्या कॅनवर दुसरी. खूण रंगानं केलेली, आणि रंग तो रंगच, उडायचा.

सैनिक संमेलनात कुणाचा काही पॉइंट आहे का असं विचारतात. आमच्या लंगरमधला एक जवान उभा राहिला. लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. गाझीपूर जिल्ह्यातला, इथून जवळचाच. म्हणाला, "साहब, पानी में मिट्टी का तेल है. चाय में आता है." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. बाकीचे गप्प.

मी काय केलं? मला वाटलं तेव्हा मी अगदी न्यायानं वागलो. त्याच पाण्याचा चहा करायला लावला. मी, माझे दोन तरुण अधिकारी आणि सुभेदार साहेब, असे चौघे बसलो. एकेक मग घेतला. मी विचारलं, "येतोय का वास?" सुभेदार साहेबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नहीं साहब." दोन्ही अधिकारी म्हणाले, नाही. मलाही आला नाही. चौघांपैकी तिघे सिगारेट ओढणारे, त्यात मी एक. मी वहीत लिहिलं : तपासणी केली, दोष आढळला नाही. आणि त्या जवानाला सगळ्यांसमोर सुनावलं, की उगाच पोरांच्या मनात किडे सोडू नकोस. त्याला लंगरमधून काढून दुसऱ्या कामावर लावलं. त्याच्या नावापुढे एक शेरा गेला. तो माझ्या हातचा होता.

त्यानंतर पोरं चहा कमी प्यायला लागली. पाणीही कमी. त्या उंचीवर माणसानं पाणी कमी पिणं किती वाईट, हे तिथे राहिलेल्याला सांगावं लागत नाही. सहा-सात आठवड्यांनी सामानाची मोजदाद करताना पाण्याच्या रांगेत तीन कॅन असे सापडले की ज्यांच्या झाकणाखाली तेलाची जुनी खूण होती. कॅन बदलले. मामला संपला. शेरा मात्र तसाच राहिला. तो पुसायला हवा होता. मी पुसला नाही. दुसऱ्या पोस्टिंगवर गेलो, विसरलो म्हणायचं.

निवृत्तीनंतर हे पुन्हा वर आलं ते माझ्या मुलीमुळे. ती अन्नतंत्रज्ञान शिकली आहे. तिच्या कामात रोज हेच : बिस्किटाचं तेल बदललं, गिऱ्हाइकाला कळेल का? जेवताना एकदा मी तिला ही गोष्ट सांगितली. तिनं एकच प्रश्न विचारला : "बाबा, चांगल्या पाण्याचा चहा शेजारी ठेवला होतात का?"

नव्हता ठेवला.

तिथून मी वाचायला लागलो. पदवीपर्यंतचं गणित होतं, ते गंजलं होतं. पण हे गणित फार अवघड नाही. तुम्हालाही आज इथेच समजेल.

सुरुवात चहापासूनच होते. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे शेतीसंशोधनाची संस्था आहे. १९२० च्या दशकात तिथे रोनाल्ड फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांच्या सहकारी म्युरिअल ब्रिस्टॉल, शैवालांच्या अभ्यासक, म्हणाल्या की कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात या प्रयोगाची आखणी मांडली. आठ कप. चारमध्ये दूध आधी, चारमध्ये चहा आधी. क्रम चिठ्ठ्या टाकून. बाईंनी ते चार ओळखून काढायचे. आठांतून चार निवडायच्या ७० तऱ्हा आहेत. त्यातली एकच पूर्ण बरोबर. म्हणजे काहीही कळत नसताना नुसत्या नशिबानं सगळं बरोबर यायची शक्यता ७० त एक. पण चारातले तीन बरोबर आले, एक चुकला, तर? ते नशिबानं जमायच्या १६ तऱ्हा आहेत. म्हणजे तीन किंवा अधिक बरोबर येणं ७० त १७, जवळजवळ चारांत एक. त्याला दाद द्यायची नाही. गंमत म्हणजे बाईंना खरंच ओळखता आलं की नाही, हे फिशर यांनी त्या पुस्तकात दिलेलंच नाही. त्यांना निकालाशी कर्तव्य नव्हतं. निकाल यायच्या आधी कसोटी ठरवायची, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

आता माझ्या मगाची तुलना करा. मी चौघांना एकेक मग दिला आणि विचारलं, वास येतोय का. शेजारी ताळा करायला दुसरं काही नाही. उत्तर चुकलं तर चुकलं हे कळायची सोय नाही. आणि विचारणारा मी, कंपनी कमांडर. ही चवीची परीक्षा नव्हतीच. माझ्या तोंडाकडे पाहून उत्तर द्यायची परीक्षा होती.

फिशर यांच्यानंतर या कामाला सुटसुटीत रीत मिळाली, ती १९४० च्या दशकात डेन्मार्कमधल्या बिअरच्या कारखान्यात. तिला त्रिकोणी चाचणी म्हणतात. तीन पेले द्यायचे. दोन एकसारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगा. 'कसा वेगळा', 'बरा की वाईट' काही विचारायचं नाही. 'कळत नाही' हे उत्तर चालत नाही, अंदाज का होईना द्यायचाच. काहीच कळत नसेल तर बरोबर यायची शक्यता तीनांत एक. आज तिचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेनं अन्नाच्या अशा तपासणीची मार्गदर्शिका १९७१ सालीच काढली. म्हैसूरला दोन मोठ्या संस्था आहेत : अन्नतंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था १९५० पासून, आणि आमच्या फौजेचं डबाबंद जेवण तयार करणारी संरक्षण खात्याची अन्नसंशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून. पदार्थ किती आवडला याचे नऊ पायऱ्यांचे गुण देतात ना, 'अत्यंत नावडता' ते 'अत्यंत आवडता', ती मोजपट्टीही अमेरिकी लष्कराच्या अन्नसंस्थेत सैनिकांच्या जेवणासाठी तयार झाली. म्हणजे हे शास्त्र फौजेच्या लंगरमधूनही वाढलंय, आणि मी लंगरमध्ये उभा राहून ते पायदळी तुडवलं.

असो. तर परवा सकाळी याच पायऱ्यांच्या वर, चहावाल्याच्या टपरीपाशी, आम्ही चाचणी घेतली. चौदातले बारा चाखणारे. मी आणि आमच्या सौभाग्यवती व्यवस्थेला. चहा एकाच किटलीतला. अर्धा पुरव्यात ओतला, अर्धा काचेच्या ग्लासात. दोन मिनिटं तसाच ठेवला. पण तसाच प्यायला दिला तर मातीची कड ओठाला लागेल आणि जिभेच्या आधी ओठच सांगतील. म्हणून दोन्ही चहा सारख्याच स्टीलच्या वाट्यांत काढले आणि कोमट होऊ दिले, म्हणजे गरम-गार यावरून ओळखू नये. तीन वाट्यांचे सहा क्रम होतात : पुरवा-पुरवा-काच, पुरवा-काच-पुरवा असे. बारा माणसं, प्रत्येक क्रम दोनदा. हे सगळं सौभाग्यवतींनी टपरीच्या मागे केलं, वहीत लिहून ठेवलं आणि वाट्यांवर नुसते आकडे टाकले. मी वाट्या नेऊन दिल्या. कोणत्या वाटीत काय हे मलाही ठाऊक नव्हतं. हे महत्त्वाचं. देणाऱ्याला ठाऊक असलं की त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. सुभेदार साहेबांना दिसलं होतं तसं.

चहावाला म्हणाला, "बाबूजी, चाय पिलाइए, इम्तिहान काहे ले रहे हैं?"

आणखी एक काम आधीच केलं. वहीच्या पहिल्या ओळीत लिहिलं : बारातले आठ बरोबर आले तर मेहुण्यांचा पक्ष मानायचा. आठच का? नुसत्या अंदाजानं बारात सरासरी चार बरोबर येतात. सात किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात साडेसहा. आठ किंवा अधिक येण्याची शंभरात दोनाहूनही कमी. शंभरात पाचाच्या आत असेल तर नशिबाला श्रेय द्यायचं नाही, अशी सर्वसाधारण रीत आहे. म्हणून आठ.

निकाल लागला. बरोबर आले सात.

काय गलका झाला म्हणून सांगू! एक तट म्हणाला, बघा, बारात सात, निम्म्याहून जास्त! दुसरा म्हणाला, आठ ठरले होते, हरलात. आणि मेहुण्यांचं स्वतःचं उत्तर चुकलेलं. ज्या काकू म्हणाल्या होत्या, "मला नाही बाई काही कळत," त्यांचं बरोबर. अर्थात एकट्या काकूंच्या बरोबर येण्यावरूनही काही म्हणायचं नाही. तीनांत एक नशीब तिथेही आहेच.

मग निवाडा काय? आज नीट ऐका, कारण मी वहीत 'दोष आढळला नाही' लिहिलं ते इथेच चुकलं. सात आले याचा अर्थ 'फरक सिद्ध झाला नाही' एवढाच. 'फरक नाही हे सिद्ध झालं' असा नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर या नदीच्या पाटाएवढं आहे. उलट सातावरून अंदाज बांधायचा तर असा : समजा साडेचार लोकांना खरंच कळलं आणि उरलेल्या साडेसातांनी अंदाज केला, त्यातला एक तृतीयांश म्हणजे अडीच बरोबर आले. साडेचार अधिक अडीच, सात. म्हणजे कदाचित आमच्यातल्या चार-पाच जणांना पुरवा कळतो. कदाचित. बारा माणसांवर एवढंच म्हणता येतं.

मेहुणे म्हणाले, अजून दोघांना चाखायला लावू, म्हणजे आठ होतील. मी नाही म्हटलं. निकाल पाहून मग खेळ लांबवायचा, आणि मनासारखा आकडा आला की थांबायचं, ही फसवणूक आहे, मग ती चहात असो की औषधात. पुन्हा करायचं तर दुसऱ्या दिवशी, नव्यानं, आधी आकडा ठरवून.

आता चुका दोन प्रकारच्या असतात हे सांगतो. एक, फरक नसताना आहे म्हणणं. दुसरी, फरक असताना नाही म्हणणं. पहिल्या चुकीला फिशर यांनी लगाम घातला. दुसऱ्या चुकीचा हिशेब मांडला येझी नेमन आणि एगॉन पिअर्सन या जोडीनं. आणि इथे आपल्या अभिमानाची गोष्ट : त्यांच्याबरोबर लंडनला त्या दिवसांत काम करणारा एक तरुण सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९३६ साली त्यांनी तिथे डॉक्टरेट घेतली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत रोमला त्यांनी मोठं काम केलं. माणसाला अन्न किती लागतं हे सरासरीवरून ठोकून ठरवू नका, माणसामाणसात आणि एकाच माणसात दिवसादिवसाला फरक पडतो, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. त्यावर पुण्याच्या वि. म. दांडेकरांशी त्यांचा वादही गाजला. वादात कोण बरोबर हे मी सांगणार नाही. पण सरासरीच्या आड माणूस लपतो, एवढं मला पुरे आहे.

कारण बघा. समजा माझ्या पोस्टवर बारा जणांची त्रिकोणी चाचणी अगदी शास्त्रशुद्ध घेतली असती. आणि समजा बारांतल्या तिघांना तो रॉकेलचा वास खरंच येत होता, उरलेल्या नऊ जणांना येत नव्हता. ते तिघे नेहमी बरोबर. नऊ जण अंदाजानं. आठाची कसोटी पार करायला त्या नवांतले पाच नशिबानं बरोबर यायला हवेत. त्याची शक्यता शंभरात साडेचौदा. म्हणजे तिघांच्या नाकाला स्पष्ट कळत असूनही सातांतल्या सहा वेळा चाचणी म्हणाली असती, 'सिद्ध झालं नाही'. आणि मी तर चौघांवर भागवलं, त्यातही सिगारेटवाल्यांवर. माणसांची नाकं सारखी नसतात. एकाला जो वास तीव्र येतो तो दुसऱ्याला अजिबात येत नाही, हे रोजचं आहे.

मग करायला काय हवं होतं? ज्यानं तक्रार केली त्यालाच तपासायचं. बारा जणांचं मत घेण्यापेक्षा त्या एका लांगऱ्याला सहा वेळा तीन-तीन पेले द्यायचे. सहांतले पाच बरोबर आले तर नशिबाची शक्यता शंभरात दोनाहून कमी. अर्ध्या तासाचं काम. एक किटली, तीन मग, एक वही. मी ते केलं नाही, कारण तो खोटं बोलतोय किंवा भ्रमात आहे हे मी आधीच ठरवलं होतं.

अजून एक गोष्ट फौजेच्या भाषेत सांगतो. रात्रीचा पहारा. झुडपात खुसफुस झाली. संत्री ललकारी देतो किंवा देत नाही. नवा पोरगा प्रत्येक खुसफुशीला 'थम! कौन आता है?' म्हणतो. जुना जवान थांबून ऐकतो. यात चांगले कान कुणाचे? नुसतं 'किती वेळा शत्रू पकडला' यावर जाऊ नका. उदाहरणासाठी धरा : वीस वेळा खरंच माणूस होता, वीस वेळा नुसता वारा. नव्या पोरानं वीसांतला माणूस अठरा वेळा ओळखला, पण वाऱ्यालाही चौदा वेळा ललकारलं. जुन्यानं माणूस बाराच वेळा ओळखला, पण वाऱ्याला दोनदाच फसला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावरच्या ठिपक्यांमुळे हा प्रश्न ऐरणीवर आला आणि त्यातून १९५० च्या दशकात एक पद्धत उभी राहिली. ती कान आणि सवय यांना वेगळं मोजते. कानाच्या मापाला डी-प्राइम म्हणतात. त्या हिशेबानं नव्या पोराचं माप येतं सुमारे पाऊण, जुन्याचं दीड. जुन्याचे कान दुप्पट चांगले. नव्याची नुसती ललकारायची सवय जास्त.

'वास येतोय का?' या प्रश्नात हीच गफलत आहे. उत्तरात नाक किती आणि 'हो म्हणायची हिंमत' किती, हे कळत नाही. साहेबासमोर हो म्हणायला हिंमत लागते. त्रिकोणी चाचणीत ती लागत नाही, कारण तिथे हो-नाही नसतंच. तीनांतला एक उचलायचा, बस. शिपायाला साहेबासमोर खरं बोलायची सोय करून देणारी ही पद्धत आहे, असं मी म्हणेन.

इथून उत्तरेला दोन मिनिटं चालत गेलात की मान मंदिर घाट लागतो. त्या महालाच्या गच्चीवर सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे, अठराव्या शतकातली. दगडी यंत्रं. लहान यंत्रावर डोळा चुकतो, म्हणून यंत्र मोठं करा, असा जयसिंगाचा विचार होता. काल मी तिथे उभा होतो आणि मला दुसरी एक वेधशाळा आठवली. इंग्लंडची ग्रीनिच. तिथे १७९६ साली मुख्य ज्योतिर्विद मॅस्कलाइन यांनी आपला सहायक किनेब्रुक याला कामावरून काढलं. का? तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो त्या क्षणाची त्याची नोंद साहेबांच्या नोंदीपेक्षा सुमारे पाऊण सेकंद उशिराची यायची. साहेब म्हणाले, पोरगा चुकतोय. पंचवीसेक वर्षांनी बेसेल नावाच्या जर्मन ज्योतिर्विदानं ती हकिगत वाचली आणि नामवंत ज्योतिर्विदांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या. सगळ्यांत फरक निघाला. प्रत्येक माणसाचे डोळे-कान आपापल्या हिशेबानं चालतात. किनेब्रुक चुकत नव्हता, तो वेगळा होता. पण हे कळेपर्यंत त्याची नोकरी गेली होती आणि तोही गेला होता.

माझा किनेब्रुक सुदैवानं हयात आहे.

जुन्या साथीदारांकडून पत्ता काढला. काल तो गाझीपूरहून एसटीनं, म्हणजे इथल्या रोडवेजनं, आला. आम्ही याच पायरीवर बसलो. मी सगळं सांगितलं, तीन कॅन सापडल्याचंही. त्याला ते ठाऊकच नव्हतं, तोवर तो बदलून गेला होता. मी म्हटलं, तू बरोबर होतास, मी चूक होतो, माफ कर. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहब, तेल तो था. हमको मालूम था." एवढंच. शेऱ्याबद्दल एक शब्द नाही. त्या शेऱ्यामुळे त्याची एक बढती लांबली होती, हे मला दुसऱ्याकडून कळलं होतं.

मी त्याला पुरव्यातला आणि ग्लासातला चहा देऊन म्हटलं, ओळखतोस का? तो हसला. "अब नाक कहाँ रही साहब. उमर हो गई." खरंच आहे, वयाबरोबर वासाची जाण कमी होते. म्हणजे त्या वेळी जी परीक्षा अर्ध्या तासात घेता आली असती, ती आता कधीच घेता येणार नाही. त्याच्या नाकाचा पुरावा माझ्या वहीत यायचा राहिला तो राहिलाच.

म्हणून घरी, कचेरीत, सोसायटीत कुणी म्हणालं, पाण्याला वास येतोय, दुधाची चव बदललीय, औषधाची गोळी वेगळी वाटतेय, तर चारच गोष्टी करा. चांगला नमुना शेजारी ठेवा. तीन पेले द्या, एक वेगळा. देणाऱ्याला कळू देऊ नका. आणि किती बरोबर आले तर मानायचं, ते आधी लिहा. पुरेसे बरोबर आले नाहीत तर 'सिद्ध झालं नाही' असं लिहा, 'दोष नाही' असं लिहू नका. आणि ज्यानं तक्रार केली त्याला गप्प बसवू नका. तो तुमच्यापैकी एकटाच असेल ज्याला कळतंय.

चहा गार झाला. मला तरी यात मातीचा वास येतोय. पण मी तीन वाट्यांची परीक्षा दिलेली नाही, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका.

जय हिंद.